अठरा हजार घरांची वही

गाद्यांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. त्याचं काम ऐकून लोक आधी हसत आणि मग जळत, कारण त्याला म्हणे झोपायचा पगार मिळायचा. असं म्हणणं अन्यायाचं होतं. तासाला सहा गाद्या तपासाव्या लागत. प्रत्येक गादीवर तीन मिनिटं पाठीवर, दोन मिनिटं डाव्या कुशीवर, दोन उजव्या, मग काठावर तीनदा बसून उठायचं आणि शेवटी कान लावून एखादी स्प्रिंग कुरकुरते का ते ऐकायचं. डोळे मिटायला सक्त मनाई. बावीस वर्षांत त्याचा डोळा फक्त दोनदा लागला होता, आणि त्या दोन्ही गाद्या ‘उत्तम’ म्हणून पास झाल्या होत्या.

त्या वर्षी वरचा तपासनीस कंबरदुखीनं निवृत्त झाला आणि याला त्याची जागा मिळाली. पगार आठव्या हिश्शानं वाढला. घरात माणसं तीन: तो, बायको आणि आई. दोन खोल्या, तिसरा मजला, जिना अरुंद. पगार वाढल्याचं त्यानं जेवताना सांगितलं तेव्हा तिघंही क्षणभर गप्प झाली. तेवढ्या वेळात तिघांनीही मनातल्या मनात तो आपापल्या परीनं खर्च करून टाकला होता. आईनं एक दाढ भरून घेतली. बायकोनं सगळे पैसे बचत खात्यात टाकले. आणि त्यानं अकॉर्डियन घेतला.

अकॉर्डियनचं खूळ जुनं होतं. कारखान्याच्या रस्त्यावर वाद्यांचं दुकान होतं आणि काचेमागे एक लाल, जुना अकॉर्डियन दात विचकून बसलेला असायचा. किंमत बारा दिवसांचा पगार. तो रोज तिथे थांबायचा, बुटाची नाडी बांधायचा आणि पुढे जायचा. नाडी सुटलेली नसायची.

त्याच आठवड्यात दारावर टकटक झाली. बाहेर गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या, सरकारी पिशवी घेतलेल्या एक बाई उभ्या होत्या. जिना चढून त्यांना धाप लागली होती.

“घरखर्चाची पाहणी,” त्या म्हणाल्या. “चिठ्ठ्या टाकून घरं निवडली, त्यात तुमचं आलंय.”

“बक्षीस काय आहे?” आईनं विचारलं.

“बक्षीस नाही. वही आहे.”

वही जाड होती. अठ्ठावीस दिवस घरात जे जे विकत येईल, जे जे खाल्लं-प्यायलं जाईल, ते सगळं तिच्यात लिहायचं होतं. अगदी पाहुण्यानं घेतलेला चहासुद्धा. खोटं लिहायचं नाही, काही लपवायचं नाही. बाई दर आठवड्याला येऊन वही पाहणार होत्या. आणि या घराचं नाव त्या कुणालाही, कुठेही, कधीही सांगणार नव्हत्या. तशी त्यांनी शपथ घेतली होती.

“एका घराच्या कांदे-बटाट्यांचं सरकारला काय करायचंय?” बायकोनं विचारलं.

बाईंनी समजावलं. कमाई वाढली की माणसं कशावर खर्च वाढवतात आणि कशावर नाही, ते सरकारला हवं असतं. दुकानदार, कारखानदार सगळे त्यावर डोळा ठेवून असतात. प्रत्येक घरी जाणं शक्य नाही, म्हणून प्रत्येक गटातून मोजकी घरं घ्यायची. “तुमच्या कमाईच्या गटात आम्ही तीन घरं निवडली होती. एक कुटुंब परगावी गेलं. दुसऱ्यांनी माझ्या अंगावर कुत्रं सोडलं. तेव्हा या शहरात या गटातलं तुमचं एकच घर उरलं. तुम्ही जे लिहाल ते अठरा हजार घरांचं म्हणून धरलं जाईल.”

आईच्या हातातला चमचा बशीतच राहिला. “म्हणजे मी आज बटाटे लिहिले, तर अठरा हजार घरांत बटाटे?”

“गणितापुरते, हो.”

“आणि मी उपाशी राहिले तर?”

“तसं करू नका,” बाई म्हणाल्या.

पहिले तीन दिवस वही सरळ चालली. बायको लिहायची, आई सांगायची. बटाटे, कांदे, पाव, चहापत्ती, साबण, आणि बिस्किटांच्या कारखान्यातून स्वस्तात मिळणारी तुटकी बिस्किटं. चौथ्या दिवशी आईनं चष्मा लावून वही पहिल्या पानापासून वाचली आणि तिचा चेहरा पडला. फळं: शून्य. पुस्तकं: शून्य. दात: शून्य. करमणूक आणि संस्कृती: शून्य.

“हे वाचून लोक काय म्हणतील?” ती म्हणाली. “अठरा हजार घरं आणि एकाला एक नासपती माहीत नाही. सगळी मेली तुटकी बिस्किटं चघळत बसलीयत.”

“आई, नाव कुणाला कळणार नाहीये,” तो म्हणाला.

“नाव नाही कळणार, पण नाक कापलं जाईल. तेही अठरा हजारांचं.”

“मग दोन नासपती लिहून टाकू,” बायको म्हणाली. तिला मजुरीवर आलेल्या शाळेच्या गणवेशांना बटणं लावायची होती, वाद घालायला वेळ नव्हता.

आईला ते पटेना. तिनं आयुष्यात कधी खोटं लिहिलं नव्हतं. तसे प्रसंगही फार आले नव्हते. बराच वेळ विचार करून तिनं मार्ग काढला. “खोटं लिहायचं नाही ना? मग खरं करायचं.”

आणि तिथून घराचा तोल सुटला. दुसऱ्या दिवशी नासपती आल्या. त्यांच्या शेजारी बऱ्या दिसाव्यात म्हणून द्राक्षं आली. अख्खी बिस्किटं आली. ती कुणाला तितकीशी आवडली नाहीत, पण वहीत छान दिसली. आईनं दाढ भरून घेतली आणि डॉक्टरांना सांगितलं, “नीट भरा, ही माझ्या एकटीची नाही.” डॉक्टरांनी तिला दोनदा गुळण्या करायला लावल्या. नाटकाची तीन तिकिटं काढली गेली. नाटक दुःखी होतं आणि आई मध्यंतरातच म्हणाली की, एवढ्या लोकांना हे दाखवायला नको होतं.

तपासनीस हे सगळं पाहत होता. बाराव्या दिवशी जेवण झाल्यावर त्यानं घसा खाकरला. “संस्कृतीचा रकाना अजून जरा पातळ वाटतो.”

बायकोनं सुई थांबवली. तेवीस वर्षांचा संसार होता; नवऱ्याचा घसा कशासाठी खाकरला जातो हे तिला ठाऊक होतं. “किती दिवसांचा पगार?”

“बारा.”

“अहो, अंथरूण पाहून पाय पसरावेत. तुम्हाला तर ते मोजायचाच पगार मिळतो.”

पण आईनं त्याची बाजू घेतली, आणि लाल अकॉर्डियन तिसऱ्या मजल्यावर आला. जिन्याच्या वळणावर तो स्वतःहूनच एकदा ओरडला. तपासनिसाला वाजवता येत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यातून असा आवाज निघाला की खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी वर येऊन, कुणाला दवाखान्यात न्यायचंय का, म्हणून विचारलं. वहीत बायकोनं दात-ओठ खात लिहिलं: अकॉर्डियन, नग एक.

एकोणिसाव्या दिवशी पैसे संपले. वाढलेला पगार एकदाच हाती आला होता आणि त्याच्या जिवावर चौपट खर्च झाला होता. उरलेल्या नऊ दिवसांच्या पानांवर बटाटे, बटाटे, अर्धा पाव, बटाटे. बाई वही घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी पानं चाळली, एकोणिसाव्या पानापाशी थबकल्या आणि आवाज खाली आणून विचारलं, “घरात काही दुःखद घडलं का?”

“पगार संपला,” बायको म्हणाली.

बाईंनी मान डोलावली आणि वही पिशवीत घातली.

साडेतीन महिन्यांनी, एका बुधवारी, मालकांनी सगळ्यांना शिलाईच्या मोठ्या खोलीत गोळा केलं. कारखान्यात दीडशे माणसं होती. मालक बुटके होते, म्हणून ते तीन गाद्यांच्या चवडीवर उभे राहिले आणि बोलताना किंचित डुलत राहिले. मालकांचा छापील शब्दावर फार विश्वास. तोंडी सांगितलं तर ते सख्ख्या भावाचंही ऐकत नसत, पण पेपरात आलं की संपलं. त्यांच्या हातात पेपरच होता.

“पगार वाढताच मध्यम घरांची धाव फळे, दात आणि अकॉर्डियनकडे,” त्यांनी वाचलं. मग खालची ओळ, जड आवाजात: “गाद्यांकडे मात्र पाठ.”

मागून कुणीतरी म्हणालं, “गादीकडे पाठच करतात, मालक.”

मालक हसले नाहीत. अठरा हजार घरांनी मिळून वर्षाकाठी एकही गादी घेतलेली नाही, असं सरकार म्हणत होतं. एकही नाही.  गादी शून्यच होती. त्याच्या घरातल्या तिन्ही गाद्या कारखान्यातल्या नापास गाद्या होत्या, फुकट मिळालेल्या. बाईंनी ‘गादी’ विचारलं होतं आणि बायकोनं खरं तेच सांगितलं होतं.

मालकांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. एक, पुढच्या सोमवारपासून सहाऐवजी चार दिवस काम आणि चार दिवसांचाच पगार. दोन, कारखाना आता अकॉर्डियनसाठी गुबगुबीत खोळी बनवणार. “लोक झोपणार नसतील तर वाजवणार,” मालक डुलत म्हणाले. “वाजवणार, तर ठेवणार कशात? अठरा हजार खोळी. पहिल्या टप्प्यात निम्म्या.”

तिथेच तोंड उघडायला हवं होतं हे तपासनिसाला कळत होतं. पण दीडशे माणसांसमोर हात वर करून ‘ती अठरा हजार घरं म्हणजे मी’ असं सांगायला जी छाती लागते ती त्याच्याकडे नव्हती. त्यानं स्वतःची समजूत घातली की आठवड्याभरात मालकांचं खूळ उतरेल.

खूळ उतरलं नाही. उलट भलतंच काही सुरू झालं. कारखान्याच्या फाटकासमोर न्हाव्याचं दुकान होतं. तिसऱ्या आठवड्यात तपासनीस तिथून जात होता तर न्हावी खुर्चीत स्वतःच बसलेला. भरदुपारी.

“या ना,” न्हावी म्हणाला. “मान बघा केवढी झाकलीय.”

“पुढच्या महिन्यात.”

“सगळे हेच म्हणतात. तुमची दीडशे डोकी. पगार कापला की माणूस पहिलं काय थांबवतो? पाव नाही थांबवत. मला थांबवतो.” तो कात्रीनं हवा कापत राहिला. “मी तुमच्या कारखान्याची डबल गादी घ्यायची म्हणून आगाऊ पैसे भरले होते. काल परत आणले. समोरच्या चहावाल्याचंही तेच. त्यानंही सांगून ठेवलेली गादी नको म्हटली. चपला शिवणाऱ्यानं तर मुलीच्या लग्नाच्या दोन गाद्या पुढे ढकलल्या.”

“लग्नही?”

“लग्न नाही. जमिनीवर झोपतील म्हणाला.”

तपासनीस कारखान्यात गेला तेव्हा मालक मागणीची वही उघडून बसले होते. वही खरोखरच ओस पडली होती. मालकांच्या चेहऱ्यावर मात्र परीक्षेत पहिला आलेल्या पोराचं तेज होतं. “बघा,” ते म्हणाले. “पेपरात आलं होतं तसंच झालं. आता विचार करतोय, तीनच दिवस काम ठेवावं.”

त्या संध्याकाळी त्यानं घरी सगळं सांगितलं. आई पलंगावर बसून पदराशी चाळा करत राहिली. “म्हणजे मी नासपती खाल्ली म्हणून तो न्हावी उपाशी?”

“नासपती खाल्लीत म्हणून नाही, आई,” बायको म्हणाली. ती बटणं लावतच होती. शाळांचे गणवेशही आता निम्मेच येत होते. “एकानं घाबरून हात आखडला, म्हणून दुसऱ्यानं आखडला, आणि दुसऱ्याचं बघून पहिल्यानं आणखी आखडला. आता सगळे एकमेकांकडे बघत बसलेत.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “उद्या जाऊन सांगा. मालक ओरडतील. ओरडल्यानं पगार आणखी कमी होत नाही.”

“विश्वास नाही बसला तर?”

“आम्ही येतो,” आई म्हणाली आणि लगेच कपाटातून ठेवणीतली साडी काढली.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या खोलीत गेले तर तिथे आधीच कुणीतरी बसलेलं होतं. पाहणीवाल्या बाई. गळ्यात तेच ओळखपत्र, मांडीवर तीच पिशवी. खोळी नेमक्या कोणत्या मापाच्या कराव्यात हे विचारायला मालकांनी सरकारी कचेरीत फोन केला होता आणि कचेरीनं माहिती देण्यासाठी बाईंनाच पाठवलं होतं. तपासनिसाच्या जिवात जीव आला.

“मालक,” तो म्हणाला, “ती अठरा हजार घरं नाहीत. ते एकच घर आहे. माझं. अकॉर्डियन माझा आहे. दाढ आईची आहे. हवं तर या बाईंनाच विचारा.”

मालकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी तपासनिसाकडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या भिंतीकडे.

“नियमानुसार,” बाई म्हणाल्या, “मी या गृहस्थांना कधीही भेटलेली नाही.”

“बाई, अहो, तुम्ही आमच्याकडे आलात. पाच वेळा.”

“मी कुणाकडे गेले आणि कुणाकडे नाही, हे मी सांगू शकत नाही. मी शपथ घेतलेली आहे.”

मालक समाधानानं मागे टेकले. “ऐकलंत? सरकार एका घरावरून हिशेब करत नाही. एवढी अक्कल सरकारला आहे. तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. घ्या दोन दिवस.” मग आठवून म्हणाले, “तसे दोन दिवस दिलेलेच आहेत म्हणा.”

बायको पुढे झाली. दाराच्या रंगापासून जिन्याच्या पायऱ्यांपर्यंत सगळं तिनं सांगितलं. बाई भिंतीकडे पाहत राहिल्या. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनाही बरं वाटत नव्हतं हे दिसत होतं, पण शपथ ती शपथ.

आई इतका वेळ मागे उभी होती. आता ती खुर्ची ओढून बाईंसमोर बसली आणि मालकांना म्हणाली, “जाऊ द्या. नसतील आल्या. आमच्याकडे आल्या होत्या त्या बाई दुसऱ्याच. ह्या सज्जन दिसतात. त्या फार चहाबाज होत्या. शेवटच्या दिवशी एका बैठकीत सात कप चहा प्यायल्या. मी वहीत लिहूनही ठेवलंय. सात.”

“चार,” बाई म्हणाल्या.

 खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता, तोही थोडाच.

“चार कप,” बाईंना आता थांबता येईना. “आणि त्यातला एक अर्धाच होता, तुम्ही बळेच ओतलात. वहीतही चारच लिहिलेत, मी स्वतः तपासलंय.” मग त्यांनी ओठ आवळले आणि पिशवी छातीशी धरली.

मालक हळूहळू उभे राहिले. त्यांनी पेपर उलगडला, बोट फिरवत खालपर्यंत गेले आणि एका ओळीवर थांबले. त्या गटातल्या घरांमध्ये चहाचं प्रमाण चकित करणारं आहे, असं तिथे छापलेलं होतं. त्यांनी तपासनिसाच्या आईकडे पाहिलं. तिच्या गालात भरलेली दाढ आहे का हे त्यांना विचारायचं होतं, पण ते बरं दिसलं नसतं. आईनं आपणहून तोंड उघडून दाखवली.

“किती खोळी कापल्यात?” मालकांनी शेवटी विचारलं.

“तीनशे,” तपासनीस म्हणाला.

मालक खाली बसले. ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की मग लोक गाद्या का घेत नाहीत. तपासनिसानं खिडकीतून समोर बोट दाखवलं. न्हावी खुर्चीत बसून पेपर वाचत होता. तपासनिसानं त्याच्या डबल गादीचं सांगितलं, चहावाल्याचं सांगितलं, चपलावाल्याच्या मुलीचं सांगितलं. मालकांनी प्रत्येकाचं नाव मागणीच्या वहीत शोधलं. प्रत्येकाच्या नावावर त्यांनीच स्वतः काट मारलेली होती. एकाही काटेशी अकॉर्डियनचा संबंध नव्हता.

“पण हे कुठे छापून नाही आलं,” मालक खिन्नपणे म्हणाले.

सोमवारपासून सहा दिवस काम पूर्ववत झालं. मालकांनी भोंग्यावरून जाहीर केलं की बाजाराचा अंदाज घेण्यात ‘थोडी गफलत’ झाली होती. पहिल्या पूर्ण पगाराच्या दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे रांग फाटकापर्यंत आली आणि न्हाव्यानं आतापर्यंत वाढलेल्या केसांचे जास्त पैसे लावले. त्यावरून थोडी बाचाबाचीही झाली. चपलावाल्याच्या मुलीच्या लग्नाला दोन गाद्या वेळेवर पोचल्या. तीनशे खोळींचं काय करायचं ते कुणालाच सुचेना. शेवटी मालकांनी त्या ‘बसायच्या उशा’ म्हणून विकायला काढल्या आणि दोन्ही बाजूंना पट्टे का आहेत असं गिऱ्हाइकानं विचारलं की विक्रेते विषय बदलत.

बाईंनी आपल्या कचेरीत स्वतःहून चूक कबूल केली. गोपनीयता मोडल्याबद्दल त्यांना लेखी ताकीद मिळाली आणि पुढच्या पाहणीसाठी प्रत्येक गटात तिसांच्या वर घरं घ्यायची, असा नियमही झाला. दोन्ही कागद एकाच दिवशी एकाच पाकिटातून आले.

घरी मात्र त्या महिन्यात पगाराचं पाकीट बायकोनं थेट आपल्या हाती घेतलं. भाडं बाजूला काढलं, किराणा बाजूला काढला, थोडं बचतीला ठेवलं. आईला आठवड्याला दोन नासपती मंजूर झाल्या. नवऱ्याला अकॉर्डियन रविवारी एक तास, खिडक्या बंद करून. मग ती केस विंचरून एकटीच बाहेर पडली. कुठे जाते ते सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

तीन तासांनी परत आली तेव्हा तिच्या ओठांच्या कोपऱ्यात गुलाबी काहीतरी लागलेलं होतं. तिनं सिनेमा पाहिला होता, पुढच्या रांगेत बसून, आणि मध्यंतरात एक व संपल्यावर एक अशी दोन आइस्क्रीमं खाल्ली होती. हे तिनं चपला काढता काढता सांगितलं.

“किती झाले?” तपासनिसानं विचारलं.

“ते कुठेच लिहायचं नाहीये,” ती म्हणाली आणि बटणांचा डबा पुढे ओढला.

 आई हळूच तिच्याजवळ सरकली आणि मुलाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तिनं विचारलं, “कुठल्या चवीचं होतं गं?”